हरणाऱ्या संघाची माणसे

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

2025 सालच्या जुलै महिन्यातील एक लहानशी गोष्ट सांगून मी आजच्या विषयाला प्रारंभ करतो. आमच्या शाळेत वाढदिवसाच्या दिवशी मुलाला गणवेश माफ असतो. त्या दिवशी सातवीच्या वर्गातील एक मुलगा लाल रंगाचा सदरा घालून आला. तो मँचेस्टर युनायटेड या विलायती फुटबॉल क्लबाचा सदरा होता. वर्गात एकच हशा पिकला. कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपलेल्या हंगामात हा संघ वीस संघांमध्ये पंधरावा आला होता, आणि युरोपातील एका चषकाचा अंतिम सामनाही हरला होता. मुलांना हे सारे तोंडपाठ असते. कोणी त्याला संघाचा क्रमांक विचारू लागले, तर कोणी बाकावर पंधरा वेळा टिचक्या मारू लागले. मुलगा रडकुंडीला आला.

मी वर्ग शांत केला. पण नंतर त्याला जवळ बोलावून जे सांगितले, ते सांगावयास नको होते, असे आज मला वाटते. मी म्हणालो, "अरे, हा संघ सारखा हरतो, तर दुसरा धर. त्या लोकांनी तुला काय दिले आहे?" मुलाने माझ्याकडे पाहिले आणि हिंदीत विचारले, "सर, मग माझ्याजवळ काय राहील?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ग्वाल्हेरच्या एका गल्लीत राहणारा, मँचेस्टर हे शहर नकाशावरही धड न दाखविता येणारा हा बारा वर्षांचा मुलगा त्या संघाशी एकनिष्ठ का राहतो? आणि तोच कशाला, जगभरातील लक्षावधी माणसे आपल्या हरणाऱ्या क्लबाला का सोडीत नाहीत? वाणी भेसळीचे तेल देऊ लागला, तर आपण दुकान बदलतो. वैद्याचा गुण येईनासा झाला, तर दुसऱ्याकडे जातो. मग या एकाच बाबतीत माणसाचा व्यवहारी हिशेब कोठे जातो?

एक सोपे उत्तर असे की, माणसाला दुसऱ्याच्या विजयाचे तेज अंगावर घ्यावयास आवडते. या उत्तरात तथ्य आहे. रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1976 साली एक निबंध प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे त्यांनी निरीक्षण केले होते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा संघ, शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे घालून येणाऱ्यांची संख्या वाढे. त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे सर्वनामांची. संघ जिंकला तर विद्यार्थी "आम्ही जिंकलो" असे म्हणत. हरला तर "ते हरले" असे म्हणण्याकडे त्यांचा कल होई. आपल्याकडील क्रिकेटच्या दिवसांत चहाच्या टपरीवर उभे राहून कान द्या. "आम्ही" आणि "ते" यांची हीच अदलाबदल तुम्हांलाही ऐकू येईल.

परंतु या निरीक्षणाने हौशी माणसाचा उलगडा होतो, निष्ठावंताचा होत नाही. थोडे गणित करून पाहा. सोळा संघांच्या स्पर्धेत अजिंक्यपद एकालाच मिळते, पंधरा संघांचे लोक निराश होऊन घरी जातात. इंग्लंडमधील सर्वांत वरच्या श्रेणीची आजची स्पर्धा 1992 साली सुरू झाली. 2025 पर्यंतच्या तेहतीस हंगामांत ती जिंकणारे क्लब अवघे सात. बाकीच्या क्लबांचे प्रेक्षक तेहतीस वर्षे मैदानात येतच राहिले. तेव्हा हार हीच चाहत्याची नित्याची स्थिती आहे आणि जीत हा सण आहे. निष्ठा जर विजयावर जगत असती, तर बहुतेक मैदाने केव्हाच ओस पडली असती.

याचे उत्तर मला पुस्तकापेक्षा कोल्हापुरात अधिक चांगले मिळाले. माझी थोरली बहीण कोल्हापुरात दिलेली आहे. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून तिकडे जाणे होते, आणि गेलो की दाजी मला एकदा तरी शाहू स्टेडियमवर नेतातच.

महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण कोल्हापूर हे जसे कुस्तीचे शहर आहे, तसेच ते फुटबॉलचेही शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला. त्यांनी बांधविलेले खासबाग मैदान 1912 साली तयार झाले. पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या. पुढे त्याच तालमींच्या तांबड्या मातीतून फुटबॉलचे संघ निघाले. म्हणून तेथील संघांची नावे ऐकली, तर परक्या माणसाला ती आखाड्यांची वाटतात: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, श्री शिवाजी तरुण मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. प्रॅक्टिस क्लब असे सरळ विलायती वळणाचे नावही त्यांत आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वतीने हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सामने चालतात. शिवाजी पेठेचे शिवाजी मंडळ आणि मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम यांची गाठ पडली, की त्या दुपारी शहरात दुसरा विषय नसतो.

येथे मुलगा संघ निवडीत नाही. तो ज्या पेठेत जन्मला, त्या पेठेची तालीम त्याला वारशाने मिळते. आजोबांनी जेथे जोर-बैठका मारल्या, वडिलांनी जेथे गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम धरली, तेथेच हा आपले बूट बांधतो. गोल करणारा पोरगा संध्याकाळी वाण्याच्या दुकानात साखर घेताना भेटतो, आणि गोल चुकविणाराही तेथेच भेटतो. अलीकडच्या काळात काही संघ नायजेरियातून आलेले खेळाडूही घेत आले. पेठेच्या रंगाचा सदरा अंगात चढला, की त्यांनाही लोक आपलेच समजून हाका मारीत. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा पेठांची भांडणे विसरून सारे शहर त्याच्याकडे डोळे लावून बसले होते.

आमचे दाजी ख्रिस्ती आहेत. त्यांच्या तालमीत मारुतीची तसबीर आहे. दाजी रविवारी सकाळी मिस्सा ऐकतात आणि दुपारी सामना असेल तर जेवण अर्धे टाकून मैदान गाठतात. या दोहोंत त्यांना कधी विसंगती वाटली नाही, आणि तालमीतील कोणालाही वाटली नाही. कोल्हापूरच्या तालमींचा हा जुना गुण आहे. तेथील अनेक तालमींतून गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात.

काही वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये मी दाजींबरोबर त्यांच्या संघाचा सामना पाहिला. ऊन असे होते की बसण्याच्या पायरीवर हात टेकवत नव्हता. बरोबरी होणार असे वाटत असताना, अगदी शेवटच्या मिनिटांत, त्यांच्या गोलरक्षकाच्या हातून साधा चेंडू निसटला आणि गोल झाला. समोरच्या बाजूला हलग्या वाजू लागल्या. आमच्या बाजूचे काही लोक त्या पोराला नको नको ते बोलले. दाजी काहीच बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी पायांवर पाणी घेतले आणि ते अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मला तालमीकडे घेऊन गेले. कट्ट्यावर दहाबारा माणसे बसली होती, आणि जरा बाजूला, खांबाला टेकून, तो गोलरक्षक बसला होता. वय एकोणीस-वीसचे. त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. चहा आला तेव्हा दाजी उठले, आपला कप त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "घे. गार होतोय." तेवढेच. मग बाकीचे लोक हळूहळू त्याच्याकडे सरकले, आणि घटकाभराने पुढच्या सामन्याची बोलणी सुरू झाली.

परतताना मी दाजींना विचारले, "इतकी वर्षे हे तुम्ही का करता? जीव जाळून घेता, पदरात काय पडते?" ते म्हणाले, "आता काय सांगू तुम्हांला! आपलंच पोरगं हाय न्हवं ते." माझ्या मते या एका वाक्यात आजच्या विषयाचे पुष्कळसे उत्तर आहे. चाहता संघाकडे गिऱ्हाईक म्हणून जात नाही, घरचा माणूस म्हणून जातो. गिऱ्हाईक माल पाहते. घरचा माणूस नापास झालेल्या मुलालाही ताट वाढतो. उलट, त्या दिवशी त्याची घरात अधिक गरज असते. आम्ही कॅथलिक लोक ज्या धर्मग्रामात जन्मतो, तेथे फादरांचे प्रवचन उत्तम होते म्हणून राहत नाही. प्रवचन कधी रंगते, कधी कंटाळवाणे होते. आपण राहतो, कारण तेथे आपला बाप्तिस्मा झाला, तेथे आपल्या वडिलांना मूठमाती दिली, आणि शेजारच्या बाकावर कोण गुडघे टेकतो हे आपल्याला ठाऊक असते.

येथे कोणी विचारील, की संघ घरचा आहे खरा, पण घराचा मालक दुसराच असला तर? हा प्रश्न खोटा नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेड या संघाने 2005-06 च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 साली तो संघ बंद करण्यात आला. पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी हा त्या लीगचा पहिला विजेता. तो 2011 साली मिटला. गोव्याच्या धेंपो क्लबाने पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविले होते, तरी 2016 साली तो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. निर्णय कचेरीत होतो, आणि मैदानाच्या पायरीवर बसणाऱ्याला तो सकाळच्या वर्तमानपत्रात कळतो.

पण यावर लंडनच्या विंबल्डन भागातील लोकांनी जे उत्तर दिले, ते ऐकण्यासारखे आहे. त्यांचा जुना क्लब तेथून पाऊणशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलविण्याला 2002 साली परवानगी मिळाली. क्लबाचे खेळाडू, करार, श्रेणीतील जागा सारे तिकडे जाणार होते. व्यवहाराच्या दृष्टीने क्लब तोच राहणार होता. परंतु चाहते त्याच्यामागून गेले नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांनी आपसांत पैसे जमविले, गावच्या माळावर खेळाडूंची निवड-चाचणी घेतली आणि एएफसी विंबल्डन या नावाचा नवा क्लब अगदी तळाकडच्या, नवव्या पायरीवर उभा केला. नऊ वर्षांत, म्हणजे 2011 साली, तो क्लब इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये दाखल झाला. आणि 2020 साली जुन्या मैदानाच्या जवळच, त्याच रस्त्यावर, त्याने आपले नवे मैदान उभारले. त्या माणसांनी कागदावरचा क्लब सोडला आणि खरा क्लब राखला. निष्ठा आंधळीच असते असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. आपण कशाशी बांधलेले आहोत, हे त्या लोकांना मालकापेक्षा अधिक स्पष्ट दिसत होते.

तथापि, श्रोतेहो, या निष्ठेची दुसरी बाजू झाकून ठेवणे शिक्षकाला शोभणार नाही. आपल्या माणसांवरचे प्रेम आणि समोरच्या माणसांचा द्वेष यांच्यामध्ये फार पातळ पडदा असतो. कोल्हापुरात हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याच्या बातम्या अनेकदा वाचाव्या लागल्या आहेत. कलकत्त्यात तर याहून भयंकर घडले. तेथील मोहन बागान क्लब 1889 साली स्थापन झाला, आणि 1911 साली अनवाणी खेळाडूंच्या बळावर एका गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून त्याने आयएफए ढाल जिंकली. ईस्ट बेंगॉल 1920 चा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उखडून आलेल्या निर्वासितांना त्या नावात आपले हरवलेले गाव सापडले. ज्या माणसाचे घर, शेत, नदी सारे गेले, त्याला एक संघ तेवढा उरला होता. अशी ही दोन्हीकडची प्रेमे. पण 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन सोळा माणसे प्राणास मुकली. सामना पाहावयास गेलेले ते लोक घरी परतलेच नाहीत.

त्याच शहराने 2024 च्या ऑगस्टमध्ये वेगळे चित्र दाखविले. एका सरकारी रुग्णालयात तरुण स्त्री-डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. शहर संतापले होते, आणि बंदोबस्ताच्या कारणावरून या दोन संघांचा सामना रद्द करण्यात आला. तेव्हा दोन्ही क्लबांचे चाहते आपापले झेंडे घेऊन मैदानाबाहेर एकत्र जमले आणि त्या मुलीसाठी न्याय मागू लागले. मोहमेडन स्पोर्टिंगचे लोकही त्यांच्यात होते. कोणी आपला सदरा उतरवून ठेवला नाही. प्रत्येक जण आपल्या रंगातच आला, आणि तरीही शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. निष्ठेला शत्रू लागतोच असे नाही, हे यावरून सिद्ध होते.

आता थोडे आपल्या ग्वाल्हेरविषयी. येथे फुटबॉलचा असा क्लब नाही की ज्याच्यामागे गाव लोटावे. या शहराचा जुना खेळ हॉकी. 1932 आणि 1936 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणारे, ध्यानचंदांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह हे येथेच राहिले आणि येथेच निवर्तले. लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्धच्या चोवीस गोलांपैकी दहा गोल त्यांचे होते. त्यांच्या नावाचे क्रीडांगण मुळात हॉकीचे होते. पुढे ते क्रिकेटचे झाले, आणि 2010 साली सचिन तेंडुलकरने तेथे द्विशतक केले, म्हणून आज ते जगाला ठाऊक आहे. त्या द्विशतकाचा आनंद मलाही झाला. परंतु त्या नावाचे गृहस्थ कोणता खेळ खेळत, असे वर्गात विचारले, तर निम्मे हात क्रिकेट म्हणून वर होतात. खेळावरून निष्ठा उठली की काय होते, ते यात दिसते. कोणी काही पाडीत नाही, नावही तसेच राहते. मात्र त्या नावाच्या पोटातला अर्थ निघून जातो.

उलट, दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास येथे लष्कर वसविले, तेव्हापासून राहिलेल्या मराठी कुटुंबांकडे पाहा. राज्य गेले, दरबार गेला, मराठी येण्याने मिळणाऱ्या नोकऱ्या गेल्या. हिशेबाने पाहता आम्ही ही भाषा केव्हाच सोडावयास हवी होती. तरीही घरात आई मुलाला मराठीतच रागे भरते, आणि गणेशोत्सवातील मराठी नाटकाला पंचवीस का होईना, माणसे येऊन बसतात. त्या पंचवीस जणांना आणि आमच्या दाजींना मी एकाच बाकावर बसवीन.

शेवटी त्या मुलाकडे येतो. दोन-तीन आठवड्यांनी मी त्याला पुन्हा बोलावले आणि या वेळी उपदेश न करता विचारले, की हा संघ तुला कोणी दिला? तो म्हणाला, "दादाने." त्याचा थोरला भाऊ रात्री जागून सामने पाही, आणि हा त्याच्या पांघरुणात शिरून पाही. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून दोघे आवाज बंद करून बघत. भाऊ आता नोकरीसाठी पुण्याला गेला आहे. सदरा त्याचाच होता. बाह्या कोपराखाली येत होत्या. सामन्याच्या रात्री दोघे भाऊ अजूनही फोनवर एकमेकांना गोल कळवितात. बहुधा समोरच्या संघाचे गोल.

"मग माझ्याजवळ काय राहील?" या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला. मी त्याला संघ बदलावयास सांगत होतो, आणि त्याच्या दृष्टीने ते भाऊ बदलण्यासारखे होते. मी त्याची क्षमा मागितली. विद्यार्थ्याची क्षमा मागावयाची आम्हां शिक्षकांना सवय नसते, त्यामुळे मी ती फारशी नीट मागितली नसेल. पण तो हसला.

मग मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या शाळेचाही एक फुटबॉल संघ आहे, तो मागचे तिन्ही सामने हरला आहे, आणि शनिवारी चौथा आहे. पाहावयास कोणी येत नाही. तू येशील का? तो आला. सामना आम्ही हरलोच. पण सामना संपल्यावर आमचा गोलरक्षक मान खाली घालून बाहेर आला, तेव्हा हा मुलगा आपली पाण्याची बाटली घेऊन त्याच्याकडे धावत गेला. हे त्याला मी शिकविले नव्हते.

श्रोतेहो, आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असा एखादा हरणारा संघ असतो. कोणाची ती शाळा असते, कोणाची भाषा, कोणाचे गावातील ओस पडत चाललेले वाचनालय. पुढच्या सामन्याला आपण जागेवर असावे, एवढेच मला आज सांगावयाचे होते.